एका जर्नलचे रसग्रहण

समीक्षक होण्यासाठी काय लागते याची मला नक्की कल्पना नाही. माझ्याजवळ वाणिज्य शाखेची पदवी आहे, काउंटरच्या आतल्या बाजूला काढलेली बावीस वर्षे आहेत आणि अक्षर चांगले आहे. पहिल्या दोन गोष्टींचा साहित्याशी काही संबंध नाही. तिसरीचा मात्र अचानक आला.

बँकेत संगणक आल्यापासून अक्षराला कुणी विचारत नाही. निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रे आणि 'आज सर्व्हर बंद आहे' ही पाटी, एवढ्यावरच माझ्या अक्षराचा उदरनिर्वाह चाललेला असतो. अशात आमचा भाचा बी. फार्म.ला प्रवेश घेऊन सांगलीला आमच्याकडे राहायला आला. आक्का आणि दाजी जतला असतात. पोरगे शांत, जेवायला बिनतक्रार, आणि रात्री बारापर्यंत दिवा जाळणारे. पहिले सत्र संपत आले तेव्हा एका रविवारी संध्याकाळी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मामा, उद्या जर्नल सबमिट करायचंय."

"कर की."

"चार प्रयोग फेअर करायचे राहिल्यात. तुमचं अक्षर चांगलंय."

"किती पानं?"

"चाळीस," तो म्हणाला. मग जरा थांबून, "म्हणजे तशी बेचाळीस."

साहित्यात असा एक समज आहे, की समीक्षकाने पुस्तक वाचलेच पाहिजे असे नाही. मी या ग्रंथाची बेचाळीस पाने स्वतःच्या हाताने लिहून काढली आहेत. आकृत्या हिने काढल्या. रांगोळीचा हात असल्यामुळे हिची चंचुपात्रे जरा नक्षीदार झाली, पण त्याला इलाज नव्हता. एवढ्या अधिकाराने बोलणारा समीक्षक मराठीत विरळाच, म्हणून हे चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो.

प्रथम पुस्तकाची माहिती. बांधणी पुठ्ठ्याची, उजवे पान रेघांचे, डावे कोरे. किंमत मी नियमावलीत पाहिली. प्रत्येक विषयाच्या प्रात्यक्षिकाला पन्नास गुण. त्यांतले पस्तीस परीक्षेचे, पंधरा अंतर्गत. त्या पंधरांतले दहा मधल्या चाचण्यांचे, दोन हजेरीचे, राहिले तीन. ते वही, तोंडी प्रश्न वगैरे सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचे. म्हणजे चार महिन्यांच्या लेखनसाधनेला फार तर दीडदोन गुण पदरात. परंतु वहीच्या पहिल्या पानावर 'सर्टिफाइड' अशी सही नसेल तर परीक्षेच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकता येत नाही, असा त्यांच्या कॉलेजचा रिवाज आहे. हे मला लगेच समजले. आमच्याकडेही पासबुकाला किंमत नसते. ते घरी विसरून आलेल्या माणसाला विचारा.

आता आशय. प्रत्येक प्रकरणाची रचना शाळेतल्या विज्ञानाच्या वहीसारखीच: उद्देश, साहित्य, तत्त्व, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. फक्त सगळे इंग्रजीत. समीक्षक म्हणून मला पहिली गोष्ट खटकली ती अशी, की या ग्रंथात कर्ता नाही. पावडर घेतली गेली, पाण्यात टाकली गेली, ढवळली गेली, गाळली गेली. कुणी घेतली, कुणाच्या हातावर सांडली, काही पत्ता नाही. आमच्या बँकेच्या चौकशी अहवालांची भाषाही अशीच असते. पण त्यात निदान शेवटच्या पानावर एखादा कारकून सापडतो.

दुसरे म्हणजे, कथानकात उत्कंठा नाही. उद्देश वाचला की निष्कर्ष कळतो. 'दिलेल्या नमुन्याची चाचणी करणे' असा उद्देश, आणि सहा पानांनंतर 'दिलेला नमुना चाचणीत उत्तीर्ण'. सबंध ग्रंथात नापास होण्याची सोय फक्त विद्यार्थ्यांना आहे.

याचे कारण मी शोधून काढले. हा ग्रंथ एका लेखकाचा नाहीच. भाच्याने तो वरच्या वर्गातल्या एका मुलाच्या वहीवरून उतरवलेला होता. त्या मुलाने त्याच्या वरच्याकडून, आणि त्याने कुणाकडून, ते काळाच्या पडद्याआड गेले आहे. अशा पोथ्यांत पाठभेद शिरणारच. एके ठिकाणी 'डिंकाची पूड मोटरमध्ये घ्यावी' असे वाक्य आले. मी पेन खाली ठेवून विचारले, "कसली मोटर रे? पाण्याची?" भाच्यालाही माहीत नव्हते. पुस्तक उघडले तेव्हा कळले, की मूळ शब्द 'मॉर्टर', म्हणजे खल. कोण्या एका वर्षी कोण्या पेंगुळलेल्या मुलाचा 'आर' गळाला, आणि तेव्हापासून सबंध परंपरा मोटरमध्ये डिंक घालत आली होती. प्रत्येक वहीत त्या पानावर सही होती. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली; फार्मसीच्या जर्नलला अजून त्यांचा एकनाथ भेटायचा आहे.

त्या खलाचीही एक कथा आहे. इमल्शन नावाचा प्रकार या मुलांना करावा लागतो. तेल आणि पाणी यांना डिंकाच्या मध्यस्थीने एकत्र नांदवायचे. प्रमाण चार-दोन-एक: चार भाग तेल, दोन पाणी, एक बाभळीचा डिंक. कोरड्या खलात तेल आणि डिंक घोटायचा, मग पाणी एकदम ओतायचे आणि एकाच दिशेने, न थांबता, जोरात घोटत राहायचे. जमले की मिश्रण पांढरे होते आणि खलातून चट्चट् असा आवाज येऊ लागतो. हा आवाज पुस्तकातच लिहिलेला आहे, माझ्या पदरचा नव्हे. कॉलेजात भाच्याचे इमल्शन दोनदा फुटले, म्हणजे तेल वर, पाणी खाली आणि अब्रू तळाला. तेव्हा त्याने घरी सराव करायचे ठरवले. हिने मोठ्या मनाने लसणीचा खल दिला. रात्री दहाला आम्ही टीव्ही बंद करून तिघेही त्या खलाला कान लावून बसलो. वीस मिनिटांनी चट् झाले. मग परत झाले. भाच्याचा चेहरा मी दहावीच्या निकालाच्या दिवशीही इतका उजळलेला पाहिला नव्हता. हिने वाकून पाहिले आणि म्हणाली, "एवढं तेल घालून नुसतं पांढरंच? तिखट तरी घाल की थोडं."

मला त्या वेळी लहानपणचा दवाखाना आठवला. भिंतीतल्या लहान खिडकीतून कंपाउंडर गुलाबी औषधाची बाटली द्यायचा. तिच्या अंगावर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवलेली असायची, एका खाचेला एक डोस. ती बाटली गेली, खिडकीही गेली. आता औषधाच्या दुकानात खल नसतो, कात्री असते. दहा गोळ्यांच्या पट्टीतून चार कापून देणे यात घोटण्याचा संबंध येत नाही. तरी मुले घोटतात. यावर मी टीका करणार होतो. पण बँकेत मला कुणी आजवर भागीदारी संस्थेच्या विसर्जनाच्या नोंदी विचारलेल्या नाहीत, आणि बी. कॉम.ला मी त्या रात्र रात्र घोटल्या होत्या. शिवाय ते चट् मी ऐकले आहे. तेव्हा त्या प्रकरणाबद्दल माझे मत अनुकूल आहे.

जर्नल शुद्ध करण्याच्या निमित्ताने भाच्याने मला 'इंडियन फार्माकोपिया'च्या सुरुवातीच्या सर्वसाधारण सूचनांच्या झेरॉक्स आणून दिल्या. औषध कसे असावे याचा हा सरकारी ग्रंथ. पहिली आवृत्ती १९५५ची, नववी २०२२ची. जर्नलनंतर हा ग्रंथ वाचताना मला ताकाच्या पातेल्यातून दह्याच्या गाडग्यात गेल्यासारखे वाटले. यात एकही शब्द उगाच नाही. 'थंड जागी ठेवावे' असे आपण सहज म्हणतो. इथे गारव्याचीही सीमा आखलेली आहे, आठ ते पंचवीस अंश. मे महिन्यात जतमध्ये या व्याख्येची एकही जागा सापडणार नाही. विरघळण्याचे तर सात वर्ग आहेत. एका भागाला एक भागाहून कमी द्रव पुरला तर 'अतिशय विद्राव्य'. मग पायरी पायरीने खाली उतरत, दहा हजार भागांहून जास्त लागले तर 'जवळजवळ अविद्राव्य'. अविद्राव्य म्हणून सरळ हाकलून दिलेले नाही. 'जवळजवळ' म्हणून आशा शिल्लक ठेवली आहे. आमच्या वाङ्मयीन समीक्षेत 'अत्यंत' हा शब्द कुठेही वाटेल तितका वापरतात, त्याचा भाव कुणी बांधून दिलेला नाही. आणि आमच्या शाखाधिकाऱ्यांना मी इतकी वर्षे उगाच 'न विरघळणारा माणूस' म्हणत होतो. दहा हजार भाग कधी ओतून पाहिलेच नाहीत.

पण माझे सगळ्यांत आवडते वचन वेगळे आहे. 'अचूक वजन करावे, सुमारे अर्धा ग्रॅम.' पहिल्यांदा वाचले तेव्हा मी हसलो. अचूक आणि सुमारे एका वाक्यात? रोकड मोजताना मी असे म्हणालो असतो तर? भाच्याने समजावले, "तसं नाही मामा. अर्ध्या ग्रॅमच्या आसपास घ्यायचं, दहा टक्के इकडंतिकडं चालतं. पण जे घेतलं ते किती, हे अचूक लिहायचं."

मी पुन्हा वाचले, आणि या वेळी हसलो नाही.

आता सातव्या प्रयोगाकडे येणे भाग आहे. ते पान मी लिहून काढायच्या गठ्ठ्यात सगळ्यांत खाली होते. त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ होती आणि 'रिपीट' असे लिहिले होते. प्रयोग क्लोराइडचा. औषधात मिठाच्या जातीची भेसळ ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त नाही ना, हे पाहायचे. काचेच्या दोन उंच नळ्या घेतात. एकीत नमुना, दुसरीत आधी ठरवलेले प्रमाण, म्हणजे स्टँडर्ड. दोन्हींत नायट्रिक ॲसिड आणि सिल्व्हर नायट्रेट घालून पाच मिनिटे उजेडापासून दूर ठेवायचे आणि काळ्या पडद्यापुढे शेजारीशेजारी धरून पाहायचे. नमुना स्टँडर्डपेक्षा जास्त गढूळ नसला की पास. मला ही फार मध्यमवर्गीय परीक्षा वाटली. स्वच्छ असायला नको. शेजाऱ्यापेक्षा जास्त गढूळ नसले म्हणजे झाले.

आमच्या पोराने काय केले, तर एक नळी मोकळी दिसली म्हणून तिच्यात नमुनाही घातला नाही आणि स्टँडर्डही नाही. नुसते प्रयोगशाळेतल्या कॅनमधले डिस्टिल्ड वॉटर, आणि वर ती दोन रसायने. शुद्ध पाण्यात काहीच व्हायला नको. पण तीही दुधाळ झाली! पाण्याचे यंत्र सत्राच्या सुरुवातीपासून बंद होते आणि कॅन नळावर भरला जात होता, हे बॅचमधल्या प्रत्येकाला ठाऊक होते. पण वहीत कुणी आणले नव्हते. याने निष्कर्षाखाली लिहिले, की प्रयोगशाळेतले डिस्टिल्ड वॉटर चाचणीत उत्तीर्ण होत नाही, सबब नमुन्याबद्दल काही सांगता येत नाही.

एकशेवीस पानांच्या या ग्रंथात कुणीतरी डोळ्यांनी पाहून लिहिलेले हे एकमेव वाक्य. त्यावर लाल रेघ.

"मॅडमनी काही विचारलं?"

"नाही. तीन बॅचच्या वह्या होत्या त्यांच्या टेबलावर. रिपीट म्हणाल्या, आणि पुढची घेतली."

"मग कर की रिपीट."

"पाणी तेच आहे, मामा."

मी बी. कॉम. आहे. तेरीज जुळली नाही की फरक सस्पेन्स खात्यात टाकून पुढचे गणित सोडवायचे, हे मला विद्यापीठाने शिकवले आहे आणि त्याबद्दल आठांपैकी सहा गुणही दिले आहेत. मी त्याला तेच सांगितले. सगळ्यांनी लिहिले तसे 'उत्तीर्ण' लिही, सही घे, परीक्षेला बस. आक्का-दाजींनी फी कशी भरली ते तुला ठाऊक आहे.

त्याने मान खाली घालूनच विचारले, "लिहिलं तर पाणी बदलंल का?"

उद्धटपणाने नव्हे. खरोखर विचारल्यासारखे. मी म्हणालो, झोप आता.

दाजींचा विषय निघाला म्हणून सांगतो. त्यांच्या किराणा दुकानाच्या ओळखीतल्या एका औषधविक्रेत्याने त्यांना आत्ताच शब्द देऊन ठेवला आहे. पोरगे पास झाले की त्याचे नोंदणीचे प्रमाणपत्र दुकानात टांगायचे, महिन्याच्या महिन्याला घरी पैसे पोहोचतील, पोराने यायचीही गरज नाही. औषधे गल्ल्यावरचा दहावी झालेला मुलगा देईल. १९४८च्या फार्मसी कायद्याचे बेचाळिसावे कलम सांगते, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे. अशा दुकानात त्या कलमाला हार घालून भिंतीवर बसवतात. "चार वर्षं काढ म्हणावं, मग काही नाही. खिळा मारलेला आहे," असे दाजी मला कौतुकाने म्हणाले होते. मीही तेव्हा 'बरं झालं' असेच म्हणालो होतो.

त्या रात्री पोरगे झोपल्यावर सातवा प्रयोग मी लिहिला. सुट्या कागदावर, माझ्या उत्तम अक्षरात. निरीक्षण: नमुन्यातील गढूळपणा स्टँडर्डपेक्षा कमी. निष्कर्ष: उत्तीर्ण. आणि तो कागद लाल रेघेच्या पानावर बँकेच्या स्टेपलरने चारी कोपऱ्यांना पक्का केला.

लिहिताना एक जुनी गोष्ट उगाच आठवत होती. एका शाखेत असताना माझी रोकड एकदा पाचशेने कमी आली. खिशातली नोट घातली आणि 'रोकड बरोबर' लिहून घरी गेलो. कुठे अर्ज, कुठे खुलासा! पुढच्या आठवड्यात शेजारच्या काउंटरवाल्याने तेच केले, मग तिसऱ्याने. चहा पिताना एकदा बोलण्यात निघाले तेव्हा उमगले, की नोटा मोजायचे यंत्रच अधूनमधून नव्याण्णवाला शंभर म्हणत होते. चौघांच्या खिशाला चाट बसली होती. वहीत मात्र रोज रोकड बरोबर.

सकाळी भाच्याने ते पान पाहिले. काही बोलला नाही. दप्तर भरले, पोहे खाल्ले आणि गेला.

चार दिवसांनी वही सही होऊन आली. माझ्या कागदावरही सही होती. दाजींचा फोन आला, "झाली का सही?" म्हटले, झाली. "मग झालं तर." संध्याकाळी भाचा वही उघडून माझ्यासमोर आला. तेव्हा मला दिसले, की सातव्या प्रयोगाच्या डाव्या, आकृतीच्या कोऱ्या पानावर त्याने शिसपेन्सिलीने बारीक लिहिले होते: 'रिकामी नळी, नुसते पाणी. दुधाळ.' खाली तारीख.

"मॅडमनी हे वाचलं?"

"बोलावून घेतलं. म्हणाल्या, पेन्सिलनं लिहिलंय ते पेननं लिही आणि एक झेरॉक्स आणून दे. त्या मशीनसाठी त्यांनी तीनदा मागणी केली होती, कुणी बघितलंच नाही. आता कागद जोडायचाय म्हणाल्या." मग तो घुटमळला. "पण मामा, झेरॉक्स दोन्ही पानांची येणार. एकीकडं दुधाळ आणि एकीकडं..."

"उत्तीर्ण."

"व्हय."

"ते पान काढलं तर सही जाईल."

"गुरुवारी रिपीट करतो म्हटलंय मी. बॅटरीवाल्याकडं डिस्टिल्ड वॉटर मिळतं. आधी एका नळीत नुसतं तपासून घेईन."

"कितीला मिळतं?"

"विचारून येतो."

मी उठलो. डबा ठेवायच्या पिशवीत बँकेतली पिना उपसायची चिमटी होती, ती त्याला दिली. चारी पिना निघायला जरा वेळ लागला. मी फारच पक्क्या मारल्या होत्या.